तांबड्या मातीचा माग: जॅझ गायिका पूर्वज शोधायला मालीत का जाते?

अमेरिकन जॅझ गायिका डी डी ब्रिजवॉटर यांचा ‘रेड अर्थ’ हा अल्बम २००७ मध्ये आला. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, राजधानी बामाकोत, तिथल्याच गायक-वादकांना सोबत घेऊन तो घडला. पुढे त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. त्याची ओळख करून दिली जाते ती अशी, की गायिका पूर्वजांच्या शोधात आफ्रिकेला गेली. नावातली तांबडी माती त्यांच्या जन्मगावची, म्हणजे मेम्फिसची, आणि मालीचीही.

वाक्य ऐकायला छान आहे, पण गाण्यात पूर्वज सापडतात म्हणजे नेमकं काय होतं? गाणं म्हणजे काही सातबारा नव्हे. शिवाय ‘जॅझ मुळात आफ्रिकेतला’ हे सगळे म्हणतात, पण सॅक्सोफोन ऐकताना आफ्रिका नेमकी कुठे ऐकायची ते कोणी सांगत नाही. तेवढंच इथे उलगडून पाहायचं आहे.

आधी कागदपत्रं: वंशावळ तुटते कुठे?

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलं, गाव आणि आडनाव सांगितलं, की तीर्थोपाध्याय जुनी वही काढून पणजोबांच्या वडिलांचं नाव वाचून दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी दारात येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे अशी वही नाही, आणि त्यामागचं कारण अगदी कोरडं, सरकारी आहे.

तिथे दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. गुलाम माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. सुटका झालेली सगळी माणसं नावानिशी दिसतात ती १८७० मध्ये, पहिल्यांदाच. त्यामुळे वंशावळ शोधणारे १८७० पर्यंत येतात आणि भिंतीवर डोकं आपटतात.

आडनावही कामी येत नाही. डी डी यांचं जन्मनाव डेनिस आयलीन गॅरेट. ब्रिजवॉटर हे लग्नानंतरचं नाव, त्यांचे पहिले पती ट्रंपेटवादक सेसिल ब्रिजवॉटर यांचं. दोन्ही नावं इंग्रजी वळणाची. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी कधी मालकाचं आडनाव ठेवलं, कधी नवं निवडलं. आफ्रिकेतल्या गावाकडे बोट दाखवणारं त्यात काही उरलेलं नसतं.

डीएनए चाचणीने भागत नाही का?

थोडंफार भागतं. पण हिशोब करून पाहा. एक पिढी सरासरी २५ वर्षांची धरली, तर १९५० साली जन्मलेल्या व्यक्तीपासून सात पिढ्या मागे १७७५ च्या आसपास पोचतो. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, असं दुप्पट करत गेलं की सातव्या पायरीवर १२८ पूर्वज होतात. यातले काही जहाजातून आलेले, काही अमेरिकेतच जन्मलेले, काही युरोपीयही.

आईकडून आईकडे जाणारा एक वारसा असतो, त्याला मायटोकॉन्ड्रियल डीएनए म्हणतात. त्याची चाचणी आई, आईची आई, तिची आई, अशी एकच रेघ ओढते. म्हणजे त्या पिढीतल्या १२८ पैकी एका बाईबद्दल ती बोलते, बाकी १२७ जणांबद्दल गप्प. शिवाय आज अमुक समाजात ही खूण सापडते, एवढंच तिला सांगता येतं. अडीचशे वर्षांत माणसं हलली, राज्यं बुडाली, सरहद्दी नव्याने आखल्या गेल्या.

मग मालीच कशावरून? अटलांटिक महासागरापारच्या गुलाम व्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजात चढवली गेली, त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. आज जिथे अमेरिका हा देश आहे तिथे थेट आणलेली साधारण चार लाख. त्या चार लाखांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा सेनेगांबियाचा, म्हणजे सेनेगल आणि गांबिया या नद्यांच्या किनाऱ्याचा. त्या किनाऱ्यामागचा मुलूख म्हणजे आजचा माली. तेव्हा ब्रिजवॉटर यांचा एखादा पूर्वज तिथला असणं अगदी शक्य आहे. सिद्ध मात्र नाही.

(जंजिऱ्याच्या सिद्दींची आठवण इथे साहजिक येते. पण त्यांचे पूर्वज मुख्यतः आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, अरबी समुद्र ओलांडून आलेले. तो किनारा वेगळा, भाषा वेगळ्या, वाद्यंही वेगळी.)

मालीत वंशावळ गाणारे असतात, ते कोण?

बाहेरचं जग त्यांना ग्रियो म्हणतं. बंबारा भाषेतला तिथला शब्द जेली. याच शब्दाचा दुसरा अर्थ रक्त. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचं सोपं जातं.

जेली जन्माने होतो. जुन्या मांदे समाजात (माली, गिनी आणि आसपासचा हा भाषासमूह) लोहार, चांभार, जेली असे पिढीजात कसबी गट होते. बलुतेदारीशी नातं सांगणारी रचना. कुयाते, जाबाते, सिसोको ही आडनावं ऐकली की समोरचा ओळखतो, हे जेली घराणं. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणारा सुंजाता केइता आणि त्याचा जेली बाला फासेके कुयाते ही जोडी या परंपरेचा आरंभ मानली जाते. १३५२ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालीच्या दरबारात गेला, तेव्हा दुभाष्याचं काम करणारा एक दरबारी, खाली छोटे भोपळे लावलेलं वाद्य वाजवत राजाची स्तुती गातो, असं त्याने लिहून ठेवलंय. बालाफोन हे वाद्य आजही तसंच दिसतं.

जेली लग्नाबारशात येतो, यजमानाचं आडनाव घेऊन पूर्वजांचे पराक्रम गातो, आणि लोक नोटा काढतात. तमाशातली दौलतजादा डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे शृंगाराऐवजी कुळाचा अभिमान असतो. भांडण मिटवणं आणि सोयरीक जुळवणं हीसुद्धा जेलीचीच कामं.

याची दुसरी बाजू अशी, की जो जेली नाही त्याने गायचं नाही. सलीफ केइता हा जगप्रसिद्ध गायक सुंजाताच्या कुळातला, म्हणजे ज्याची स्तुती गायची त्या बाजूचा. त्याने गाणं हाच पेशा धरला तेव्हा घरात वादळ झालं. मालीच्याच गायिका उमू संगारे याही जेली नाहीत. त्या दक्षिण मालीतल्या वासुलू भागाच्या परंपरेतून आल्या, जिथे गाणं जन्माला बांधलेलं नाही. म्हणून त्यांना बहुपत्नीत्वाविरुद्ध मोकळेपणी गाता आलं. ‘रेड अर्थ’मध्ये दोन्ही धारा आहेत. कासे मादी जाबाते, बासेकू कुयाते, तुमानी जाबाते हे जेली, आणि उमू संगारे वासुलूच्या.

वाद्यं जवळून: तो खरखराट बिघाड नसतो

कोरा पाहा. मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणतात, आरपार लाकडी दांडा, आणि २१ तारा. घोडी तंबोऱ्यासारखी आडवी नसते, उभी असते. तिच्या एका बाजूला ११ खाचा, दुसऱ्या बाजूला १०. वादक दोन्ही हातांच्या फक्त अंगठ्याने आणि तर्जनीने वाजवतो. डावा अंगठा बहुतेक वेळा खर्जात चालतो, आणि चारच बोटांतून तीन माणसं वाजवताहेत असं वाटतं.

तारा पूर्वी कातड्याच्या पिळलेल्या असत, आता मासेमारीची नायलॉन दोरी वापरतात. दांड्यावर चामड्याच्या कड्या असतात, त्या वरखाली सरकवून स्वर लावायचा. इथेच गोची होते. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं आणि सगळं वाद्य उतरतं. कड्या सरकवून २१ तारा पुन्हा लावायला भरपूर वेळ जातो. आता कितीतरी वादक कड्यांऐवजी गिटारसारख्या खुंट्या बसवून घेतात, त्या यामुळेच.

बालाफोनमध्ये लाकडी पट्ट्या, प्रत्येकीखाली एक भोपळा. भोपळ्याला बारीक भोक पाडून त्यावर पूर्वी कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा पडदा चिकटवत, हल्ली पातळ कागद किंवा प्लास्टिक. पट्टी वाजली की हा पडदा झणझणतो. कोऱ्याच्या घोडीवरही कडेला कड्या लावलेला पत्रा बसवायची रीत आहे, त्याच झणझणाटासाठी. पाश्चात्त्य स्टुडिओतला ध्वनिमुद्रक हे ऐकून आधी वायर तपासतो. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी लावताना ज्याने पाहिलंय, त्याला मात्र समजावून सांगावं लागणार नाही. नितळ स्वर मुका वाटतो, त्याला धार हवी, ही गरज दोन्हीकडे सारखी आहे.

तिसरं वाद्य न्गोनी. लाकडाचा होडीसारखा कोरलेला तुकडा, त्यावर कातडं, चार ते सात तारा. अमेरिकन बँजोच्या पूर्वजांचं कूळ हेच: कातडं ओढलेली खोळ, लांब दांडा, आणि अंगठ्याने छेडायची आखूड तार. जहाजातून कोणी वाद्य बगलेत मारून नेलं नसणार. नेलं ते बनवायचं आणि वाजवायचं ज्ञान. भोपळा आणि कातडं पलीकडेही मिळत होतं.

चाल विसरली, चालवण्याची रीत राहिली

या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज असा, की अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या गाण्याची चाल मालीत जशीच्या तशी सापडेल. तशी सापडत नाही. वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र कोंडली गेली, पिढ्या बदलल्या, चाली आणि शब्द गळून पडले. टिकल्या त्या संगीत करण्याच्या सवयी.

पहिली सवय फिरत राहणाऱ्या ओळीची. कोऱ्यावर एक छोटी ओळ सतत वाजत राहते, तिला कुंबेंगो म्हणतात, आणि त्यावर मधूनच वेगवान स्वरांची सर कोसळते, ती बिरिमिंतिंगो. हार्मोनियमवर लेहरा धरलाय आणि तबलजी वाढवत नेतोय, हे दृश्य आणा डोळ्यांसमोर. फरक एवढाच की कोरावादक लेहराही स्वतः धरतो आणि तानाही स्वतः घेतो.

दुसरी सवय दोनावर तीनाची. आपल्याकडे तिला आड म्हणतात. करून पाहा:

सहा मात्रा मोजा. पाय १ आणि ४ वर आपटा. टाळी १, ३ आणि ५ वर द्या. पहिल्या मात्रेवर दोन्ही एकत्र येतात, मग टाळी, पाय, टाळी. सुरुवातीला हमखास एक चूक होते: दोन्ही मिळून एकच सलग बोल ऐकू यायला लागतो आणि दोन लयी हरवतात. ती टाळायची तर आधी पाय मुख्य धरून टाळीकडे दुर्लक्ष करा, मिनिटभराने उलट करा. गाणं तेच, पण डोक्यातला ताल बदलतो. मांदे संगीत ऐकणारा या दोन्ही खिडक्या एकदम उघड्या ठेवतो. जॅझचा झोका, ज्याला स्विंग म्हणतात, तो दोन आणि तीन यांच्या याच ओढाताणीतला.

ढोल मात्र अमेरिकेच्या बऱ्याच भागात पोचू दिले गेले नाहीत. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो इथे गुलामांचा उठाव झाला, त्यात ढोल वाजवत माणसं जमली. पुढच्याच वर्षी तिथे कायदा करून ढोलांवर बंदी आली. मग ताल अंगावर आला: मांडीवर थाप, टाळी, जमिनीवर टाचा.

मग जॅझ आणि कोरा सहज जुळतात का?

नाही. इथेच असे बहुतेक प्रयोग फसतात.

जॅझमधली बरीच गाणी स्वरसमूह (एकदम वाजणारे तीन-चार स्वर, म्हणजे कॉर्ड) भराभर बदलत जातात. एक समूह चार ठोके, पुढचा चार, मध्येच षड्ज बदलल्यासारखं होतं. कोऱ्याला एका वेळी सातच स्वर लावलेले असतात. त्याच्या हार्दिनो या मेळात साधारण बिलावल थाट, सौता या मेळात कल्याणसारखा तीव्र मध्यम. गाण्याच्या मध्यात थाट बदलायचा म्हणजे वादकाने पुन्हा कड्या सरकवायला बसायचं. मग काय होतं? कोरा प्रस्तावनेला वाजवतात, खरं गाणं पियानो उचलतो, शेवटी पुन्हा कोरा. आफ्रिका भेळेवरच्या शेवेएवढी उरते.

बालाफोनची अडचण आणखी टोकाची. जुन्या पद्धतीने लावलेल्या बालाफोनमध्ये सप्तकाचे जवळजवळ समान सात भाग असतात. पियानोत बारा. सप्तक १२०० सेंटचं धरा (सेंट म्हणजे स्वरांतर मोजायचं माप). पियानोवर कोमल गंधार ३०० वर आणि शुद्ध गंधार ४०० वर, तर या बालाफोनचा गंधार ३४३ च्या आसपास. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. जॅझ आणि ब्लूजचे गायक गंधार असाच मध्ये कुठेतरी लावतात, ती मूळची खोड असावी असं मानणारे बरेच आहेत. गळ्याला ते जमतं. पियानो आणि बालाफोन एकत्र वाजले की मात्र कानाला बोचतं. पट्टीचा स्वर बदलायचा तर लाकूड तासायचं: मध्ये पोटाकडून तासलं तर उतरतो, टोकांकडून तासलं तर चढतो. तासलेलं परत भरता येत नाही. काही वादक त्यापेक्षा पाश्चात्त्य स्वरांत बनवलेले दोन बालाफोन शेजारी मांडतात.

‘रेड अर्थ’मधली निवड पाहिली की हे सगळं कोणीतरी आधी नीट जोखलंय हे कळतं. सहनिर्माते शेक तिदियान सेक हे मालीचे कीबोर्डवादक. त्यांनी १९९५ मध्येच पियानोवादक हँक जोन्स यांच्याबरोबर ‘साराला’ हा अल्बम केला होता, म्हणजे खड्डे कुठे आहेत ते त्यांना ठाऊक होतं. जॅझमधून उचललेलं ‘फूटप्रिंट्स’ ही अमेरिकन सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांची १९६६ ची रचना: सहा मात्रांची, खर्जात एकच ओळ फिरत राहणारी, बराच वेळ एकाच मेळात थांबणारी. थोडक्यात, कुंबेंगो आयताच तयार. ‘ॲफ्रो ब्लू’ही तसंच, पाच स्वरांच्या चौकटीतलं आणि तीनावर दोन खेळवणारं. अस्सल आफ्रिकी वाटणारं हे गाणं माँगो सांतामारिया या क्यूबन तालवादकाचं, १९५९ चं. ब्रिजवॉटर यांच्या १९७४ च्या पहिल्या अल्बमचं नावही तेच होतं. तेहतीस वर्षांनी त्याच गाण्याला न्गोनी आणि बालाफोन भेटले.

‘हे म्हणजे पर्यटनच की!’

हा आक्षेप रास्त आहे. पैसेवाला कलाकार येतो, चार वाद्यं मागे उभी करतो, परत जाऊन बक्षिसं घेतो. तपासायची एक साधी जागा आहे, श्रेयनामावली. लोकपरंपरेतल्या चालीपुढे ‘पारंपरिक’ लिहिलं की रचनेचं मानधन बहुधा मांडणी करणाऱ्याच्या नावावर जमा होतं. मांडणीकार कोण, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. या अल्बममध्ये मांडणीचा मोठा वाटा सेक यांचा आहे, आणि सोबतचे गायक स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या आवाजात पुढे येऊन गातात. बऱ्याच गाण्यांच्या नावांतही मूळ मालियन नाव राखलंय. मला विचाराल तर अल्बमचा जोर तिथेच आहे, आणि जिथे इंग्रजी शब्द सगळं समजावून सांगायला लागतात तिथे तो सैल पडतो.

ग्रियो आणि जॅझ गायिका एकच का?

असं लिहायची फॅशन आहे, पण ते बरोबर नाही. जॅझमधलं स्कॅट म्हणजे निरर्थक अक्षरं घेऊन आलाप-तान करणं. जेलीच्या तोंडी निरर्थक काहीच चालत नाही. एखाद्याच्या आजोबांचं नाव चुकलं तर भर लग्नात रुसवा. साम्य दिसतं ते समोरच्याच्या प्रतिसादावर गाणं वाढवण्यात.

आडनावाचा एक मजेदार रिवाज इथे सांगायला हवा. मालीत दोन अनोळखी माणसं भेटली की आधी आडनाव विचारतात. एक ट्राओरे निघाला आणि दुसरा जारा, तर लगेच एकमेकांची टिंगल सुरू: तू चवळी खाणारा! चवळी खाण्यावरून चिडवणं ही ठरलेली थट्टा, आणि या थट्टेच्या नात्यात राग धरायचा नसतो. बाहेरच्या पाहुण्याला लोक आपलं आडनाव देतात, की तोही या चेष्टेत सामील. १८७० च्या भिंतीमागे आडनाव हरवलेल्या माणसाला हे मिळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्याने वंश सिद्ध होत नाही, पण जागा मिळते.

मूळ म्हणजे जुनं, असंच ना?

तेही नाही. १९७० मध्ये बामाकोच्या रेल्वे स्टेशनवरच्या हॉटेलात रेल बँड उभा राहिला. सलीफ केइता तिथे गायले, सेकही त्या वाद्यवृंदात होते. त्यांच्या गाण्यावर क्यूबाचा दाट रंग होता, आणि क्यूबाचं संगीत आफ्रिकेतून गेलेल्या माणसांनीच घडवलेलं. म्हणजे गेलेलं परत आलं होतं, आणि ब्रिजवॉटर पोचल्या ते अशा घरी.

अल्बममधलं ‘नो मोअर’ ऐका. त्याचं मूळ नाव ‘बांबो’. हे गाणं जेली घराण्यातल्या ताता कुयाते यांनी १९६० च्या दशकात गाजवलं, इतकं की लोक त्यांना ताता बांबो म्हणू लागले. मालीने १९६२ मध्ये विवाहाचा कायदा केला होता. गाण्याचा सांगावा तोच: आता मुलीला तिच्या मनाविरुद्ध कोणाच्या गळ्यात बांधायचं नाही. ‘रेड अर्थ’मध्ये ताता बांबो स्वतः गातात. ब्रिजवॉटर त्यांच्या शेजारी उभ्या राहून इंग्रजीत तेच म्हणतात: बस्स, पुरे.